कुदळ लावायची नाही

आम्ही तळेगाव सोडून वर्ध्याला आलो ते माझ्या धाकट्या काकानं आईच्या डोक्यात पितळी तांब्या मारला म्हणून. बाकीची कारणं नंतर जोडली गेली. बाबांची बदली, माझी शाळा, शहरातला दवाखाना, असं काहीबाही नातेवाईक आजही सांगतात. आमचं घर भाजीवाल्यांचं. वांगी, मेथी, पालक आणि सांबार, ज्याला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो. बाबा शिकून मास्तर झाले होते, पण घर वावराचंच होतं, आणि वावरात राबायची ती आई. त्या दुपारी सगळे जेवायला बसले असताना ती काकाला एवढंच म्हणाली की, तुमच्या पाण्याच्या पाळीत माझा मेथीचा वाफा कोरडा राहिला. काकानं हातातला तांब्या उचलला आणि मारला. आवाज ओला होता. आई बसल्या जागी कलली, तिच्या कानामागून रक्त आलं आणि भाकरीच्या टोपल्यात पडलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी वरणात बुडवला, तोंडात घातला आणि चावून चावून गिळला. आईनंही ते पाहिलं. मी चौदा वर्षांची होते आणि एखाद्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो राग काकाचा नव्हता, बाबांचा होता.

बाबांनी अर्ज-विनंत्या करून आठ-दहा दिवसांत वर्ध्याच्या एका शाळेत बदली मिळवली, हे त्यांचं प्रायश्चित्त. एका ओळखीच्या मास्तरांच्या ओसरीत आम्ही ट्रंक आणि वळकट्या टाकल्या आणि रोज शाळा सुटल्यावर तिघं खोली शोधायला निघायचो. बाबा सायकल हातात धरून पुढे, आई डोक्याला पट्टी बांधलेली, आणि मागे मी. चांगल्या वस्त्यांतली भाडी ऐकूनच आम्ही पाय मागे घ्यायचो. जिथं परवडेल असं वाटे तिथं प्रश्न सुरू व्हायचे. कोण तुम्ही, मटण खाता का, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं. बाबा पांढरे कपडे घालायचे, मास्तर होते, त्यामुळे इथवर ठीक चालायचं. मग घरमालकाची नजर आईच्या पट्टीवर जायची. डोक्याले काय झालं? बाबा सायकलचं हँडल सरळ करायचे. आई म्हणायची, दिरानं मारलं. की झालं, खोली कालच कोणाला तरी देऊन झालेली असायची. भांडणाची माणसं कोणाला हवी असतात? देवळामागच्या एका विधवाबाईंची खोली तर आम्हाला इतकी आवडली होती की मी मनातल्या मनात चूल कुठं मांडायची तेही ठरवलं होतं. तीही गेली. त्या दिवशी परत येताना रेल्वेच्या फाटकापाशी बाबा पहिल्यांदा वैतागले आणि आईला म्हणाले, "पडली म्हण ना. काय बिघडते तुह्यं? पडली म्हणून सांग." फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत आई पट्टीची गाठ घट्ट करत राहिली. गाडी गेल्यावर ती म्हणाली, "मी पडली नाई."

माझी नात सध्या पुण्यात खोली शोधते आहे. फोनवरच खोल्यांचे फोटो बघते, फोनवरच बोलते, आणि मला विचारते, आजी, एरिया सेफ आहे हे कसं ओळखायचं? मी तिला म्हटलं, घरमालकीण पहिला प्रश्न कोणता विचारते ते बघ. ती हसली. तिला वाटलं आजी काहीतरी जुनं-पानं शहाणपण सांगते आहे. पण मी पारबताबाईला आठवून बोलत होते.

रुळांच्या पलीकडे चिंचफैल होता. फैल म्हणजे आमच्याकडे वस्ती. चांगल्या घरचे लोक त्याचं नाव घेताना आवाज खाली करायचे. तिथं खोली स्वस्त मिळेल असं शाळेच्या शिपायानं बाबांना सांगितलं, आणि सांगताना नजर चुकवली. खोलीची मालकीण पारबताबाई दारातच खाटेवर बसली होती; मास्तर येणार हे शिपायानं तिला कळवलं होतं. पन्नाशीची, आडदांड, नाकात मोठी चमकी, आणि मांडीशी लोखंडी टोकाचं मुसळ टेकवलेलं. कांडण-बिंडण काही चाललेलं नव्हतं. तिनं ना जात विचारली ना पाणी. आईच्या पट्टीकडे हनुवटी करून म्हणाली, "कोणं मारलं बाई?"

"माह्या दिरानं."

"आन् हे मास्तर?"

"हे जेवत होते."

पारबताबाईनं बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाबांनी सायकलच्या घंटीकडे मान वळवली. मग ती उठली आणि तिनं कुलूप काढलं. एक लांबोडकी खोली, मागे न्हाणी, आणि न्हाणीला लागून ऐसपैस मोकळं अंगण, शेणानं इतकं गुळगुळीत सारवलेलं की नखाचा ओरखडा नव्हता. भाडं ऐकून बाबांनी दोनदा विचारलं. तिची अट एकच होती. "मास्तर, बाकी काईबी करजा. पण आंगनात कुदळ लावाची नाई." आम्हाला वाटलं, म्हातारीचा काही नवस-बिवस असेल.

स्वस्त का, ते आठ दिवसांत कळलं. सेवाग्रामचा आश्रम उशाशी, म्हणून आमचा अख्खा जिल्हा दारूबंद, आणि दारूबंद म्हणून अख्ख्या चिंचफैलाचं पोट दारूवर. दिवेलागणीच्या आधीच गल्ली भरायची. रामनगरचे बाबू, ट्रकवाले, रिक्षावाले, कोण नाही. मग आवाज सुरू व्हायचे. आधी शिव्या, मग भांडी, मग भिंतीवर डोकं आपटल्याचा धप्प असा आवाज, मग बाईचं ओरडणं, आणि सगळ्यात शेवटी लेकरांचं. कोणत्या घरात काय चाललं आहे हे मला भाकरी थापता थापता नुसत्या आवाजावरून ओळखता येऊ लागलं. समोरच्या घरातला माणूस पट्टा काढायचा, त्याच्या शेजारचा चुलीतलं लाकूड. एकदा एक बाई केस जळालेल्या अवस्थेत आमच्या दारात येऊन बसली आणि आईनं तिच्या डोक्यावर ओलं फडकं धरलं. अशा वेळी पारबताबाई मुसळ घेऊन उठायची. ती मारायची म्हणजे काय, तर गुडघ्यावर मारायची, बरोबर वाटीवर, आणि माणूस खाली बसला की त्याची ट्रंक बाहेर फेकायची. बाईच्या अंगावर हात टाकला की गल्ली सोडायची, ती परत येऊ देईपर्यंत, हा तिचा कायदा. दारू तिचीच. तिच्याच दारूनं चढायची आणि तिच्याच मुसळानं उतरायची. हा काय न्याय झाला, असं मी एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, तळेगावात तर एवढाही नव्हता. दगडापेक्षा वीट मऊ.

खरं सांगायचं तर आई तिथं खुलली. पारबताबाई तिला भाजलेली मोहाची फुलं आणून द्यायची, आई तिला कढीगोळे द्यायची, आणि दोघी खाटेवर बसून गल्लीभरच्या पुरुषांची उणीदुणी काढत हसायच्या. टाके निघाले, केसांत बोटभर लांबीची उघडी रेघ तेवढी राहिली. तिला एकच गोष्ट छळत होती, ते मोकळं अंगण. तळेगावहून निघताना तिनं मेथी, सांबार आणि पालकाचं बी फडक्यात बांधून आणलं होतं. ते फडकं ती रोज उन्हात घालायची आणि रोज उचलून ठेवायची. थंडी पडू लागली, मेथीचे दिवस निघून चालले. आमच्या घरातल्या बाईला रिकामी जमीन दाखवून हात लावू नको म्हणणं हेच मुळात चूक होतं. जित्याची खोड ती. एका सुट्टीच्या दुपारी पारबताबाई लेकीकडे कारंज्याला गेली होती. आई मला म्हणाली, "वाफा म्हणजे काई खोदनं नसते. वीतभर उकरू आन् कडेनं सारवून देऊ." कुदळ शेजारून मागून आणली. बाबा दाराशी सायकलच्या चाकात हवा भरत होते. त्यांनी पाहिलं आणि ते पुन्हा पंप मारू लागले.

चौथ्या-पाचव्या घावाला कुदळ पत्र्यावर आपटली. आईला वाटलं दगड. तिनं जोर लावून पुन्हा मारली आणि जमिनीतून फुसफुसत पिवळा फेस वर आला. आंबट वास इतका भपकन आला की मी दोन पावलं मागे सरले. आईनं माती बाजूला केली. खाली पत्र्याचं पिंप होतं, तोंडापर्यंत कुजलेल्या मोहफुलांनी भरलेलं. सडवा म्हणतात त्याला, दारू गाळायच्या आधीचा. शेजारी दुसरं पिंप, त्याच्या शेजारी तिसरं. ज्या अंगणात आम्ही तांदूळ निवडायचो, ज्यावर मी अभ्यासाला बसायचे, त्याच्या पोटात हे सगळं होतं, आणि वर राखण म्हणून आम्ही, पांढऱ्या कपड्यांचा मास्तर आणि त्याचं बिऱ्हाड. मास्तरच्या घरावर कोण धाड घालणार? खोली का मिळाली हे मला त्या क्षणी लख्ख कळलं आणि पारबताबाईचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईवर माया केली की बाबांच्या पांढऱ्या कपड्यांवर, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही.

उघड्या पिंपांत माती धबाधबा पडली होती, माल वाया गेला होता. वास गल्लीत गेला असावा. पारबताबाईचा भाचा किसना, जो हा सगळा धंदा बघायचा, तो कुंपणावरून उडी टाकून आत आला. काय झालं ते त्यानं पाहिलं. त्यानं आईचा अंबाडा मुठीत धरला, तिला गुडघ्यांवर पाडलं आणि तिचं तोंड त्या पिंपाच्या फेसात दाबलं. वर काढलं. पुन्हा दाबलं. आईचे पाय माती खरवडत होते. मी त्याच्या पाठीवर चढले, त्याच्या खांद्याला चावले, माझ्या तोंडात त्याच्या सदऱ्याचा खारट घाम आला. त्यानं मला कोपरानं उडवून दिलं. आणि मग मी बाबांकडे पाहून ओरडले. मी नेमकं काय ओरडले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "जेवून राह्यले का?"

बाबांच्या हातात सायकलचा पंप होता. लोखंडी, जुना, लाकडी मुठीचा. ते आले आणि त्यांनी तो किसनाच्या कानशिलावर मारला. किसनानं आईला सोडलं. तिथं थांबता आलं असतं. बाबा थांबले नाहीत. त्यांनी खांद्यावर मारलं, कोपरावर मारलं, तो हात आडवा धरू लागला तेव्हा बोटांवर मारलं. प्रत्येक फटक्याला पंपातून फुस्स अशी हवा निघायची. किसना खाली पडला तरी ते मारत होते. त्याच्या तोंडातून रक्त आणि एक दात आला, आणि बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. मी ओरडत होते, आणखी मारा, बाबा, आणखी. मला इतका आनंद झाला होता की अंगावर काटा आला होता. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे. शेवटी आईच उठली. तोंडावरचा फेस पुसत तिनं बाबांचा हात धरला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती कोण आहे हे त्यांना क्षणभर ओळखू आलं नसावं असं मला वाटलं.

पारबताबाई संध्याकाळी परतली. आम्ही ट्रंक बांधून बसलो होतो. तिनं फुटलेली पिंपं पाहिली, ओट्यावर पडलेल्या भाच्याचे सुजलेले डोळे पाहिले, मग आईच्या मानेवरचे नखांचे वळ पाहिले. तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. मग म्हणाली की, तुम्ही माझी अट मोडली आणि यानं माझा कायदा मोडला, फिटंफाट झाली. किसनाला तिनं त्याच अवस्थेत एका ट्रकमध्ये घालून कारंज्याला पाठवून दिलं. पिंपं दुसरीकडे हलली. खड्डे आईनं बुजवले आणि त्यावर वाफा केला. पारबताबाई बघत बसली, आडवी आली नाही.

आणि बाबा बदलले. चिंचफैलात बातमी पसरायला काय वेळ लागतो? मास्तरनं किसनाचा दात पाडला. बाबा सायकलवरून निघाले की खाटेवरची माणसं उठून बसू लागली, समोरच्या घरातला तो पट्टा काढणारा स्वतःहून रामराम घालू लागला. ज्या माणसाला जन्मात कोणी भ्यालं नव्हतं त्याला ते गोड लागलं. त्यांचा आवाज जाड झाला. पाणी मागताना ते आता दे म्हणत नसत, पाणी एवढंच म्हणत. शाळेतल्या एका पोराच्या पाठीवर त्यांनी छडी मोडली, आणि ते घरी हसत हसत सांगितलं. सायकलचा पंप दाराशी कोपऱ्यात उभा असायचा, सायकल नसली तरी. मला तेव्हा अभिमानच वाटायचा. शाळेत मी मुलींना सांगायचे, माझ्या बाबांच्या नादी लागू नका.

महिनाभरानं एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. नव्या वाफ्यातली मेथी पहिल्यांदा खुडली होती, ज्वारीची भाकर होती, ठेचा होता. बाबा किसनाची गोष्ट पुन्हा सांगत होते. कितव्यांदा कोण जाणे, आणि दर खेपेला फटके वाढत होते. आई भाकरी शेकत होती. तिनं मान वर केली नाही. ती शांतपणे म्हणाली, "हा हात तळेगावले काऊन नाई उठला?"

बाबा उठले. त्यांनी तिला तोंडात मारली, मग दुसरी, मग डोकं धरून मागच्या चौकटीवर आपटलं. धप्प. तोच आवाज, जो मी भिंतीपलीकडून ऐकून घरं ओळखायचे. चौकटीचा खिळा नेमका त्या जुन्या रेघेवर लागला. रक्त तसंच कानामागून आलं. तव्यावरची भाकर जळू लागली. माझ्या हातात घास होता, मेथीचा. तो मी तोंडात घातला आणि गिळला. का, ते मला माहीत नाही. साठ वर्षांची बाई झाले तरी माहीत नाही.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. पण फुफाटा आम्ही चिंचफैलात शोधत होतो आणि तो आमच्याच पेटीत बांधून आणलेला होता.

तासाभरानं पारबताबाई वाफ्यातली मेथी मागायला आली. आईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, तरी पदराला लाल डाग आला होता. बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पारबताबाईनं पदर बोटानं मागे सारला आणि तोच प्रश्न विचारला, त्याच आवाजात. "कोणं मारलं बाई?"

आई म्हणाली, "न्हाणीत पडली."

तीन आठवडे उन्हातान्हात हिंडून, हातातल्या खोल्या घालवून जे एक वाक्य ती बोलली नव्हती, ते ती आता बोलली. सांगितलं तर ही खोली जाणार, आणि ही गेली तर तळेगाव, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पारबताबाई माझ्याकडे वळली.

"पोरी, तू कुठं होती?"

"जेवत होती," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "बाबानं मारलं."

बाबांची ट्रंक त्या दिवशी बाहेर गेली. मुसळ त्यांच्या गुडघ्याला लागलं नाही. ते स्वतःच उठले आणि सायकल घेऊन निघाले. संक्रांतीपर्यंत ते शाळेच्या व्हरांड्यात राहिले. नंतर पारबताबाईनंच त्यांना परत येऊ दिलं, आणि पुढं मरेपर्यंत त्यांनी कोणावर हात उचलला नाही. लाजेनं की मुसळाच्या धाकानं, ते मी त्यांना विचारलं नाही. पण हे नंतरचं. त्या दुपारी मी ते दोन शब्द बोलले आणि आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि खाडकन माझ्या गालावर मारली. तिनं आयुष्यात मला मारलेली ती एकच. माझा कान गुणगुणला, ओठ दातावर फाटला, आणि मी भिंतीला जाऊन टेकले.

पारबताबाईनं आईचं मनगट धरलं. मला वाटलं, आता हिचा कायदा आईलाही लागू होतो की काय. पण तिनं आईचा तळवा उलटा करून पाहिला. कुदळीनं पडलेले घट्टे अजून तसेच होते.

"जोर आहे की हाताले," ती म्हणाली. "मंग त्याले काऊन नाई मारलं?"

आई कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे पाहत बसली.